जुन्या बोर्डावरची निळी चकती : काय काढून वापरावं, काय कधीच वापरू नये

जुना संगणक, टीव्ही किंवा प्रिंटर उघडला की 230 व्होल्टची वायर बोर्डावर जिथे येते त्या कोपऱ्यात काही ठरावीक मंडळी हमखास भेटतात. आधी काचेचा फ्यूज. त्याला लागून एक निळी चपटी चकती, दोन पायांवर उभी. शेजारी पिवळा चौकोनी कपॅसिटर, एखादी काळी किंवा हिरवी चकती, आणि तांब्याच्या तारेची दोन वेटोळी गुंडाळलेली रिंग. लाइनमधून येणारे झटके आणि खरखर यंत्राच्या आत जाऊ नये म्हणून यातली बहुतेक तिथे बसवलेली असतात.

माझ्याकडे दुरुस्ती शिकायला येणारी मुलं भंगारातून असे बोर्ड किलोच्या भावाने उचलून आणतात. कुणी कुर्ल्याहून, कुणी साकीनाक्याहून. पहिल्या आठवड्यातच प्रश्न येतो : "सर, ही निळी चकती काढून घरच्या एक्स्टेंशन बोर्डात लावली तर त्याचा स्पाइक गार्ड, म्हणजे झटका अडवणारा बोर्ड, होईल ना?"

प्रश्न रास्त आहे. चालू अवस्थेतला भाग कचऱ्यात का टाकायचा, ही त्यामागची भावना मला मनापासून पटते. तरी माझं उत्तर ठाम असतं. रिंग खुशाल काढा, काही डायोड तपासून वापरा, पण ती निळी चकती पुन्हा मेन्सवर, म्हणजे 230 व्होल्टच्या लाइनवर, लावू नका. झटका अडवणाऱ्या भागाबाबत "चालतो का?" एवढं विचारून भागत नाही. "त्यात अजून किती शिल्लक आहे?" हे कळावं लागतं, आणि या चकतीच्या बाबतीत ते बाहेरून कळण्याची सोय नाही. का नाही, ते नीट समजून घेऊ.

झटका वेगळा, वाढलेलं व्होल्टेज वेगळं

आपल्या घरात येणारी वीज 230 व्होल्टची म्हणतो, पण ती सरासरीच्या एका हिशेबाने. प्रत्यक्षात व्होल्टेज सारखं वरखाली होत असतं. 50 हर्ट्झच्या पुरवठ्यात ते सेकंदाला 100 वेळा 325 व्होल्टच्या शिखरावर जाऊन येतं, 50 वेळा एका दिशेने आणि 50 वेळा उलट दिशेने. हा 325 चा आकडा लक्षात ठेवा, पुढे तो सारखा लागणार आहे.

सर्ज म्हणजे या लाटेवर मध्येच उभा राहणारा काटा. तो काही शे किंवा काही हजार व्होल्टचा असतो, पण टिकतो सेकंदाच्या काही लाखाव्या भागापुरता. मे अखेरीस वळवाच्या पावसात किंवा ऑक्टोबरमध्ये परतीच्या पावसात वीज कडाडते तेव्हा ती थेट तारेवर पडायला हवी असं नाही. जवळपास पडली तरी लांबलचक तारांमध्ये असा काटा उमटतो. रोजचे लहान काटे तर इमारतीच्या आतच तयार होतात. लिफ्टची मोटर, टाकीत पाणी चढवणारा पंप, एसीचा कॉम्प्रेसर बंद-चालू झाला की लाइन हलते. 12 ऑक्टोबर 2020 ला सकाळी दहाच्या सुमारास मुंबई आणि आसपासचा मोठा भाग अंधारात गेला होता, तो दिवस अनेकांना आठवत असेल. अशी मोठी लाइट जाऊन परत येते तेव्हा सगळे फ्रिज, पंप आणि एसी एकदम ओढ घेतात आणि पुरवठा काही वेळ अस्थिर राहतो. अशा वेळी महागडी उपकरणं प्लगमधून काढून ठेवावीत आणि लाइट स्थिर झाल्यावर लावावीत. याला काहीच खर्च नाही.

याहून अगदी वेगळी गोष्ट म्हणजे न्यूट्रल तुटणं. इमारतीत तीन फेज येतात आणि प्रत्येक घराला त्यातला एक फेज आणि सामाईक न्यूट्रल मिळतो. मीटर रूममध्ये न्यूट्रलचं टोक सैल झालं, गंजलं किंवा जळालं, तर दोन फेजमधली घरं एकमेकांशी एका माळेत जोडल्यासारखी होतात आणि दोन फेजमधले 415 व्होल्ट त्यांच्यात लोडप्रमाणे वाटले जातात. ज्या घरात कमी उपकरणं चालू असतील त्याच्या वाट्याला 300 ते 350 किंवा त्याहून जास्त येऊ शकतात. हे लाखाव्या भागापुरतं नसतं, कुणी मेन स्विच पाडेपर्यंत चालू राहतं. झटका गिळणारा कुठलाही छोटा भाग इथे उपयोगाचा नाही. इथे लागतं ते व्होल्टेज जास्त झाल्यावर लाइन तोडणारं उपकरण. पण लोक स्पाइक गार्डकडून नेमकी हीच अपेक्षा धरतात, आणि आतली चकती जळते तीही बहुतेकदा अशाच प्रसंगात.

चकतीच्या आत काय चालतं

या निळ्या चकतीचं नाव मेटल ऑक्साइड व्हॅरिस्टर. दुकानात सगळे एमओव्ही म्हणतात. जपानच्या मात्सुशिता कंपनीत 1960 च्या दशकाच्या अखेरीस ती विकसित झाली. बोर्डावर तिच्या जागी अनेकदा ‘झेडएनआर’ छापलेलं दिसतं, ते त्याच कंपनीचं व्यापारी नाव.

निळं आवरण खरवडून काढलं तर आत राखाडी-काळसर सिरॅमिकची टिकली निघते. तिच्यात मुख्यतः झिंक ऑक्साइड असतं, सोबत बिस्मथ, अँटिमनी, कोबाल्ट, मँगनीज यांची ऑक्साइड थोड्या थोड्या प्रमाणात. भट्टीत भाजल्यावर झिंक ऑक्साइडचे बारीक कण एकमेकांना चिकटतात आणि दोन कणांच्या सीमेवर एक अडथळा तयार होतो. साधारण 3 व्होल्टपर्यंत तो करंट जवळपास अडवून धरतो आणि त्यापुढे एकदम वाट मोकळी करून देतो. टिकलीच्या एका तोंडापासून दुसऱ्या तोंडापर्यंत अशा दीडशेच्या आसपास सीमा ओळीने आल्या की 470 व्होल्टचा व्हॅरिस्टर होतो. म्हणजे व्होल्टेज ठरतं टिकलीच्या जाडीवरून. किती मोठा झटका पचेल ते ठरतं तिच्या व्यासावरून, कारण व्यास वाढला की करंटला शेजारी शेजारी जास्त वाटा मिळतात.

ही चकती फेज आणि न्यूट्रलच्या मधे लावलेली असते. रोजच्या 325 व्होल्टच्या शिखराला ती जवळपास गप्प असते. 1000 व्होल्टचा काटा आला की डोळ्याचं पातं लवायच्या कितीतरी आधी तिच्यातून शेकडो अँपिअर वाहू लागतात, काट्याचं टोक छाटलं जातं आणि त्याची ऊर्जा टिकलीत उष्णता होऊन जिरते.

आता खरी मेख. मोठा झटका येतो तेव्हा करंट सगळ्या वाटांनी सारखा जात नाही. काही वाटा जास्त तापतात आणि तिथल्या कणांच्या सीमा कायमच्या बिघडतात. दीडशेपैकी काही सीमा अशा निकामी झाल्या की ती चकती 470 ची राहत नाही. पुढच्या मोठ्या झटक्यानंतर आणखी खाली येते. चांगल्या कंपन्यांच्या माहितीपत्रकात म्हणूनच दोन गोष्टी सांगितलेल्या असतात. 14 मिलिमीटरची चकती साधारण 4500 अँपिअरचा झटका एकदा झेलेल, ही पहिली. दुसरी म्हणजे एक आलेख, ज्यात लहान झटके किती वेळा चालतील ते दाखवलेलं असतं. मूळ व्होल्टेजपासून 10 टक्के सरकलं की आयुष्य संपलं असं धरायची पद्धत आहे.

स्कूटरच्या ब्रेकच्या लायनरसारखं आहे हे. प्रत्येक वेळी थोडं झिजूनच ते काम करतं. फरक इतकाच की लायनर काढून हातात घेतला तर किती उरलाय ते दिसतं. व्हॅरिस्टरची झीज दिसत नाही. वरचं निळं आवरण पहिल्या दिवशीइतकंच चकचकीत असतं.

झिजलेल्या चकतीचं पुढे काय होतं? तिचं व्होल्टेज उतरत उतरत 325 च्या जवळ आलं की प्रत्येक शिखराला, म्हणजे सेकंदाला 100 वेळा, तिच्यातून थोडा करंट गळू लागतो. त्याने ती कोमट होते. हा पदार्थ असा की तापला की गळती वाढते, आणि गळती वाढली की तो आणखी तापतो. बाहेर झटका नाही, वादळ नाही, घरात सगळे झोपलेले आहेत आणि टेबलामागच्या बोर्डात ही चकती स्वतःच स्वतःला तापवत जाते. शेवटी आवरणाचा कोळसा होतो, चकती फुटते किंवा पेट घेते. भोवती स्वस्त प्लास्टिक असेल तर तेही पेटतं. दुरुस्तीला आलेल्या एक्स्टेंशन बोर्डात एका जागी प्लास्टिक वितळून आत ओढलं गेलेलं आणि भोवती काजळी दिसली, तर बहुतेकदा त्या खाली हीच चकती असते.

संगणकाच्या एसएमपीएसमध्ये, म्हणजे मेन्सपासून त्याला लागणारे कमी व्होल्ट बनवणाऱ्या भागात, ती फ्यूजच्या मागे असते, त्यामुळे ती शॉर्ट झाली तर फ्यूज उडतो आणि धातूच्या डब्यात प्रकरण मिटतं. पण कोमट होत जाण्याच्या टप्प्यात करंट फार थोडा असतो, तेवढ्याने फ्यूज उडत नाही. म्हणूनच चांगल्या स्पाइक गार्डमध्ये चकतीला चिकटवून एक थर्मल फ्यूज दिलेला असतो. चकती ठरावीक तापमानाला पोचली की तो लाइन तोडतो. स्वस्त बोर्डात तो नसतो. उघडून पाहिलं तर दोन पट्ट्यांमध्ये एकटी चकती आणि सोबत एक लाल दिवा, इतकंच.

आकड्यांचा गोंधळ

चकतीवर ‘14डी471के’ असं लिहिलेलं असेल तर 14 हा मिलिमीटरमधला व्यास, डी म्हणजे गोल, 471 म्हणजे 47 वर एक शून्य, म्हणजे 470 व्होल्ट, आणि के म्हणजे 10 टक्के इकडे-तिकडे. हे 470 व्होल्ट 1 मिलिअँपिअर डीसी करंट जात असताना मोजलेले. याचा अर्थ ती 470 व्होल्टच्या एसी लाइनवर चालते असा नव्हे. तिची कायमची मर्यादा 300 व्होल्ट एसी. का, ते सोपं आहे. 10 टक्के कमी म्हणजे 423 व्होल्ट, आणि 300 व्होल्ट एसीचं शिखरही साधारण 424. आणखी एक, ‘470 ची आहे म्हणजे 470 ला छाटते’ हाही गैरसमज. 14 मिलिमीटरच्या चकतीतून 50 अँपिअर जात असताना तिच्यावर 775 व्होल्टपर्यंत असू शकतात. झटका पूर्ण नाहीसा होत नाही, यंत्राला सोसवेल इतका खाली येतो.

काही युरोपीय चकत्यांवर ‘एस14के275’ अशी पद्धत असते. तिथला 275 हा थेट एसी व्होल्टेजचा आकडा आहे, आणि 1 मिलिअँपिअरला ती 430 व्होल्टची असते. दोन पद्धतींचे आकडे सरमिसळ केले की चुकीची चकती हातात येते.

मुंबईत बाहेरच्या देशांतून आलेली जुनी यंत्रंही भरपूर फिरतात. अमेरिकेत 120 व्होल्ट, जपानमध्ये 100. फक्त तिथल्या लाइनसाठी बनवलेल्या अँप्लिफायरमधल्या चकतीवर 201के लिहिलेलं असेल तर ती 200 व्होल्टची, 130 व्होल्ट एसीपर्यंतची. आपल्या 325 च्या शिखरावर ती लावली तर पहिल्याच क्षणी फुटेल. सिरॅमिकचे तुकडे डोळ्यात जाऊ शकतात, म्हणून हे नुसतं "चालणार नाही" असं सांगून मी सोडून देत नाही.

सगळ्यात फसवा आकडा मात्र वेगळाच. निळ्या रंगाचे सिरॅमिक कपॅसिटरही याच कोपऱ्यात असतात, आणि त्यांच्यावरही 471के लिहिलेलं असू शकतं. तिथे त्याचा अर्थ 470 पिकोफॅरड. मल्टिमीटरने शहानिशा करू म्हणाल, तर 14 मिलिमीटरच्या 470 व्होल्टच्या व्हॅरिस्टरची स्वतःची कपॅसिटन्स 400 पिकोफॅरडच्या आसपास भरते! ओहमच्या रेंजवर दोन्ही ‘ओपन’. रंग तोच, आकार तोच, आकडा तोच, मीटरचं उत्तरही जवळपास तेच. म्हणून भाग काढण्यापूर्वी बोर्डावर त्याच्या शेजारी काय छापलंय ते वाचावं आणि मोबाइलने फोटो काढून ठेवावा. एमओव्ही, आरव्ही, व्हीआर, झेडएनआर असेल तर व्हॅरिस्टर. सीवाय असेल तर कपॅसिटर. एनटीसी किंवा टीएच असेल तर ती काळी-हिरवी चकती, म्हणजे थर्मिस्टर. थर्मिस्टर ओळखायला सोपा, कारण गार असताना मीटरवर तो काही ओहम दाखवतो. चालू करतानाचा सुरुवातीचा करंटचा लोंढा रोखणं एवढंच त्याचं काम. लाइनमधला झटका तो अडवत नाही.

मग तपासून का नाही वापरायचा?

हुशार विद्यार्थी इथे अडवतात. "सर, 1 मिलिअँपिअरला व्होल्टेज मोजायचं ना, मग मोजू की!" मोजता येतं. इलेक्ट्रिशियन वायरचं इन्सुलेशन तपासायला मेगर वापरतात, त्यातल्या काही डिजिटल मेगरमध्ये करंट 1-2 मिलिअँपिअरवर थांबतो आणि प्रत्यक्ष व्होल्टेज पडद्यावर दिसतं. 1000 व्होल्टच्या रेंजवर चकती जोडली की आकडा चढत चढत एका जागी स्थिरावतो. साध्या मल्टिमीटरच्या काही व्होल्टच्या बॅटरीने हे होत नाही. मीटर फक्त पूर्ण शॉर्ट झालेली चकती पकडतो, झिजलेली नाही.

समजा मेगरवर 440 आलं. नवी 471के चकती 423 पासून 517 पर्यंत कुठेही असू शकते. म्हणजे ही कदाचित कारखान्यातून 442 ची निघालेली, जवळपास कोरी चकती असेल. कदाचित 510 ची निघून दहा वर्षं झटके खात 440 वर आलेली असेल. दुसरी 10 टक्क्यांहून जास्त सरकलेली, म्हणजे तिचं आयुष्य संपलेलं आहे, पहिलीचं अख्खं आयुष्य शिल्लक आहे आणि मीटरवर दोघी सारख्याच. सुरुवातीचा आकडा कुठे नोंदवलेला नसतो. 423 च्या खाली गेली तर बाद, एवढं ही चाचणी नक्की सांगते. चांगली आहे हे ती सांगू शकत नाही.

"मग दोन-तीन जुन्या चकत्या पॅरलल लावू, भार वाटला जाईल." तोही वाटला जात नाही. व्होल्टेज थोडंसं वाढलं की व्हॅरिस्टरचा करंट प्रचंड वाढतो. त्यामुळे ज्या चकतीचं व्होल्टेज सगळ्यात कमी, म्हणजे बहुधा जी सगळ्यात झिजलेली, तीच जवळपास सगळा झटका ओढून घेते. कारखान्यात एकत्र लावायच्या असतील तर मोजून जुळणाऱ्या चकत्या निवडाव्या लागतात.

नवी चकती लॅमिंग्टन रोडवर, मुंबईतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, किरकोळ पैशांत मिळते. आग लागण्याचा धोका पत्करून वाचवायचं काय, तर तेवढेच पैसे. भंगारातली चकती मी शिकवण्यापुरती ठेवतो. आवरण फोडून टिकली दाखवायला, मेगरवर आकडा पाहायला. मेन्सवर मात्र नवी, माहितीपत्रक असलेली, फ्यूजच्या मागे, आणि शक्यतो आतच थर्मल फ्यूज असलेली. जुन्या इस्त्रीतला किंवा कुकरमधला थर्मल फ्यूज काढून तिथे लावायचा विचार असेल तर तोही सोडा. डिसोल्डर करताना आणि पुन्हा सोल्डर करताना पायातून जाणाऱ्या उष्णतेने तो तिथेच उडू शकतो.

जे खुशाल काढावं

तांब्याच्या दोन वेटोळ्यांची रिंग, म्हणजे कॉमन मोड चोक. तांबं आणि फेराइट, त्यात झिजण्यासारखं काही नाही. रिंगला तडा नसावा, तारेचं व्हार्निश जळलेलं नसावं, दोन्ही वेटोळी मीटरवर जवळपास शून्य ओहम दाखवावीत आणि एका वेटोळ्यातून दुसऱ्यात बीप येऊ नये. तारेची जाडी पाहून ज्या करंटच्या यंत्रातून काढली त्याच्या आतच वापरा. विजेचा मोठा झटका ती एकटी अडवणार नाही, पण लाइनमधली खरखर छान गाळते. फ्यूज होल्डर आणि मेन्सचं सॉकेटही असेच, जळके डाग नसले की चांगले.

टीव्हीएस डायोड, म्हणजे ठरावीक व्होल्टेजपुढे वाहू लागून झटका छाटणारा डायोड, ही भंगारातली माझ्या मते सगळ्यात उपयोगी गोष्ट. जुने राउटर, सेट-टॉप बॉक्स, सीसीटीव्हीचे डीव्हीआर यांच्या 12 व्होल्टच्या इनपुटवर तो असतो. मर्यादेतल्या झटक्यांनी तो व्हॅरिस्टरसारखा झिजत नाही, आणि मर्यादेबाहेरच्या झटक्याने मेला तर बहुतेक वेळा शॉर्ट होऊन मरतो. ते साधा मीटरही पकडतो. शिवाय त्याची खरी चाचणी टेबलावर कमी व्होल्टेजमध्ये करता येते. पी6केई15ए घ्या. 25 व्होल्टचा डीसी सप्लाय, मालिकेत 10 किलोओहमचा रेझिस्टर, आणि डायोड उलटा, म्हणजे पट्टीचं टोक प्लसकडे. सुमारे 1 मिलिअँपिअर करंट जाईल आणि डायोडवर 14.3 ते 15.8 व्होल्टच्या मधला आकडा दिसला पाहिजे. दिसला की डायोड शाबूत. 12 व्होल्टच्या कॅमेऱ्याच्या लाइनवर तो लावता येतो. गच्चीवरच्या कॅमेऱ्यांना पावसाळ्यात याची फार गरज असते, कारण लांब वायर म्हणजे झटक्याला आयती वाट.

इथेही आकडा नीट वाचा. पी6केई15ए मधला 15 हा डायोड वाहू लागतो तो व्होल्टेज, तर एसएमबीजे13ए मधला 13 हा तो गप्प बसतो तिथपर्यंतचा व्होल्टेज. दोघांचं वागणं जवळपास सारखं, आकडे मात्र वेगळे. शेवटी सीए असेल तर तो दोन्ही दिशांचा. मोठ्या व्होल्टेजचे टीव्हीएस, जसे चार्जरमधला पी6केई200ए, मी मेन्सच्या कामाला पुन्हा वापरत नाही.

गॅस ट्यूब लँडलाइन टेलिफोनच्या जुन्या जोडणी-डब्यांत आणि मॉडेममध्ये सापडतात. चकचकीत धातूची दोन-तीन टोकं आणि मध्ये सिरॅमिकचं नळकांडं. आत निष्क्रिय वायू असतो, ठरावीक व्होल्टेजला त्यात ठिणगी पडते आणि झटका अर्थमध्ये जातो. टेलिफोन किंवा अँटेनाच्या लाइनवर त्या पुन्हा वापरता येतात, अर्थात मेगरवर ठिणगीचं व्होल्टेज छापील आकड्याशी जुळलं तर. फेज आणि न्यूट्रलमध्ये मात्र ती एकटी कधीही लावू नका. एकदा ठिणगी पेटली की तिच्यावर फक्त 10-20 व्होल्ट उरतात. झटका संपला तरी मेन्सचा करंट त्या ठिणगीतून वाहत राहतो आणि ट्यूब फुटते. ट्यूब कुतूहलापोटी फोडूही नका. काही जुन्या ट्यूबमध्ये ठिणगी लवकर पडावी म्हणून किरणोत्सारी पदार्थ अत्यल्प प्रमाणात घालत असत. बंद ट्यूब हाताळायला हरकत नाही, फोडणं टाळा.

पिवळा चौकोनी एक्स2 कपॅसिटर मोजून पाहा. छापलेल्या मूल्यापेक्षा 10 टक्क्यांहून जास्त कमी भरला तर टाका. प्रत्येक झटक्यात त्याच्या आतला धातूचा पातळ थर थोडा थोडा जळून जातो आणि कपॅसिटन्स घटते. निळा वाय कपॅसिटर मात्र पुन्हा वापरूच नका. तो लाइन आणि यंत्राच्या धातूच्या अंगाच्या मधे असतो. तो शॉर्ट झाला तर वीज थेट त्या अंगावर येते, आणि तिथे कुणाचा तरी हात असतो.

पाण्याखाली गेलेल्या यंत्रांबद्दल एक. 26 जुलै 2005 नंतर असे बोर्ड ढिगाने बाहेर पडले होते आणि कमी-अधिक प्रमाणात दर पावसाळ्यात पडतात. गटाराच्या आणि खाऱ्या पाण्याचा ओलावा आवरणाच्या बारीक फटीतून आत शिरलेला असतो. अशा बोर्डातून धुऊन, वाळवून रिंग तेवढी घ्यावी. बाकी काही नाही.

बोर्डाला हात लावण्यापूर्वी एसएमपीएसमधला मोठा कपॅसिटर रिकामा करा. प्लग काढल्यावरही त्यात 300 व्होल्टहून जास्त राहू शकतात. स्क्रू ड्रायव्हरने ठिणगी पाडू नका, रेझिस्टरने उतरवा आणि मीटरने खात्री करा.

चाळीत आणि जुन्या इमारतीत

गिरगाव, लालबाग, परळच्या कित्येक जुन्या खोल्यांत अजूनही सॉकेटला अर्थिंग नसतं. तीन पिनांचा सॉकेट दिसतो, पण वरच्या भोकामागे वायर नसते. स्पाइक गार्डमध्ये फेज-न्यूट्रलखेरीज फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ अशा आणखी दोन चकत्या असल्या तरी अर्थिंगशिवाय त्या दोघी नुसत्या बसून राहतात. एवढंच नाही, एकाच बोर्डावरच्या सगळ्या यंत्रांची धातूची अंगं त्या तुटक्या अर्थ वायरने एकमेकांना जोडलेली असतात. फेज-अर्थ चकती झिजून गळू लागली तर त्या सगळ्यांना हात लावताच झिणझिण्या येतात. अर्थिंग असलेल्या घरात हीच गळती 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे गळती झाली की लाइन तोडणारा स्विच, पाडते, आणि लोक वैतागून आरसीसीबीच बाजूला काढायला सांगतात. तसं कधी करू नका. आधी एक एक बोर्ड काढून पाहा, दोषी सापडतो.

ज्यांना जमेल त्यांनी परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून मुख्य बोर्डातच सर्ज प्रोटेक्शन डिव्हाइस बसवून घ्यावं. त्यातही व्हॅरिस्टरच असतो, पण मोठा, तापल्यावर स्वतःला तोडणारा, आणि त्याला एक खिडकी असते. खिडकी हिरवी आहे तोवर ठीक, लाल झाली की आतली कार्ट्रिज बदलायची. पावसाळ्याआधी आणि दिवाळीआधी तिकडे एकदा नजर टाकावी.

काढलेल्या चकत्या, वाय कपॅसिटर आणि फुगलेले भाग साध्या कचऱ्यात टाकू नका, बोर्ड जाळून तांबं काढणाऱ्याकडे तर मुळीच देऊ नका. जुन्या सोल्डरमध्ये शिसं असतं आणि त्याचा धूर आधी जाळणाऱ्याच्याच छातीत जातो. ई-कचरा व्यवस्थापनाचे 2022 चे नियम 1 एप्रिल 2023 पासून लागू आहेत, त्यानुसार हा माल नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडे जायला हवा. तिथे देईपर्यंत चकत्या एका बरणीत साठवा, आणि बरणीत टाकण्याआधी प्रत्येकीचे दोन्ही पाय मुळापाशी कापून टाका. कोरी दिसणारी चकती सापडली तर कुणीतरी ती उचलून एखाद्या एक्स्टेंशन बोर्डात सोल्डर करणारच.